डोक्यावर तळं आहे आणि कोणी वर बघत नाही: एका विज्ञान-अद्भुत कादंबरीबद्दल

आयर्विनचा_कठडा

परवा एक नवी मराठी विज्ञान-अद्भुत कादंबरी वाचून संपवली. नाव देत नाही. लेखकाचं पहिलंच पुस्तक आहे आणि माझं भांडण पुस्तकाशी आहे, माणसाशी नाही. ज्यांनी वाचली असेल त्यांना दोन ओळींत ओळखू येईल. पुढे कथानक फुटतं, ज्यांना वाचायची आहे त्यांनी इथेच थांबा.

कल्पना अशी. दूरच्या एका ग्रहावर, दोन चंद्रांखाली, खाडीच्या तोंडाशी एक शहर आहे. त्या शहराच्या डोक्यावर गोड्या पाण्याचं अख्खं तळं अधांतरी आहे. एक किलोमीटर लांब, तेवढंच रुंद, दहा मीटर खोल. सात गायक आपल्या आवाजावर ते पेलून धरतात. त्यांना 'स्वरधर' म्हणतात. तीनशे वर्षं हे चाललंय, आणि पहिल्याच प्रकरणात सातांपैकी एक मरतो.

खरं सांगतो, पंधरा पानं वाचून मी पुस्तक पालथं ठेवलं आणि झोपलेल्या बायकोला उठवून ही कल्पना सांगितली. मराठीत असं काही वाचायला मिळावं म्हणून मी वीस वर्षं वाट बघतोय. म्हणूनच पुढच्या चारशे पानांनी जीवाला लागलं.

मी सांगलीच्या गावभागात राहतो. पावसाळ्यात पाणी चढायला लागलं की आमच्या गल्लीत 'काय, बरंय का' असं कोणी विचारत नाही, 'आयर्विनला किती?' विचारतात, म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी किती फुटांवर आहे. 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका, हे इथल्या पोरांना पाढ्यासारखं पाठ असतं. कोयनेतून किती सोडलं, वारणेला किती आहे, अलमट्टीतून पुढे किती चाललंय, हे पानाच्या टपरीवरचा माणूसही सांगतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. त्यानंतर माझ्या आईने धान्याचे डबे कधीच खालच्या फळीवर ठेवले नाहीत. उन्हाळ्यातसुद्धा नाहीत. पाणी माणसाच्या सवयींत असं उतरतं.

आणि या कादंबरीतल्या शहरात डोक्यावर तळं आहे, ते धरणारा एक जण मेलाय, आणि बाजारात भाजी नेहमीसारखी विकली जाते. कोणी वर बघत नाही. कोणाच्या घरात होडी टांगलेली नाही. आया लेकरांना 'तळं पडेल हं' म्हणून दटावत नाहीत. वाईट स्वप्नांना, शिव्यांना, लग्नातल्या मानपानाला, कशालाच त्या तळ्याचा वास नाही. तळं फक्त मुखपृष्ठावर आणि शेवटच्या प्रकरणात आहे.

नायकाबद्दल काय सांगू. सतरा वर्षांचा अनाथ मुलगा. एका रात्रीत त्याला कळतं की आपल्या गळ्यात सातवा सूर आहे. का त्याच्याच, याला उत्तर नाही. त्याला काय आवडतं, कशाची लाज वाटते, भूक लागली की तो काय खातो, चारशे बारा पानांत एकदाही कळत नाही. नायिका त्याच्याबरोबर फिरते आणि प्रत्येक ठिकाणी त्या ठिकाणाचा इतिहास सांगते. तिला काढून तिथे माहितीचा फलक लावला असता तरी गोष्ट तशीच चालली असती. खलनायक वाळवंटातून येतो, त्याला सिंहासन हवंय.

ज्यांनी वाचलंय त्यांनी बोला. माझं कुठे चुकतंय का?

भरती_ओहोटी

वाचली आहे. मी विज्ञान शिकवतो, त्यामुळे माझी खोड वेगळी. जादूला माझी हरकत नाही. तळं सुरांवर उभं आहे म्हणाले, मी मान्य केलं. पण एकदा मान्य केलं की पुढचं सगळं त्या मान्यतेला धरून यायला हवं.

तुम्ही दिलेल्या मापांचा हिशोब करा. हजार गुणिले हजार गुणिले दहा, म्हणजे 1 कोटी घनमीटर पाणी. वजन 1 कोटी टन. आपल्या भाषेत साधारण 0.35 टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. कोयनेच्या शिवसागराची क्षमता 105 टीएमसीच्या आसपास आहे, त्या मानाने हे तळं लहान. पण सात माणसांत वाटलं तर माणशी चौदा लाख टनांच्या वर! सातवा मेला की उरलेल्या सहांवर माणशी एकदम सव्वादोन लाख टनांच्या वर जादा भार. त्या रात्री त्या सहांचं काय झालं? लेखक त्यांना एक परिच्छेदही देत नाही.

दुसरी गोष्ट उजेडाची, आणि ही मला फार लागली. सूर्यप्रकाश पाण्यातून जाताना आधी तांबडा रंग शोषला जातो. दहा मीटर खोलीपर्यंत तांबडा बराचसा संपलेला असतो. म्हणजे या शहरात भर दुपारीसुद्धा निळसर-हिरवा उजेड हवा. तिथे तांबडं काहीच तांबडं दिसणार नाही. कुंकू काळपट दिसेल, रक्तसुद्धा काळपट. आणि लेखकाने नायिकेला लाल शाल दिली आहे, जी गर्दीत लांबून उठून दिसते! तोच रंग उलटा वापरला असता तर? शहराबाहेर पहिल्यांदा पाऊल टाकल्यावर तिला कळतं की आपण जन्मभर काळी म्हणून पांघरली ती शाल लाल आहे. ते पान मी आयुष्यभर विसरलो नसतो.

तिसरी, चंद्रांची. ग्रहाला दोन चंद्र, शहर खाडीवर, आणि बंदरात पाणी कायम एकाच पातळीला! भरतीचा जोर अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो. चंद्र निम्म्या अंतरावर आला तर जोर आठपट. दोन चंद्र एका रेषेत आले की कसलं उधाण येईल, आणि काटकोनात असले की कसला भांग, म्हणजे सगळ्यात कमी भरती. अशा बंदरातलं पंचांग कोळी ठरवतील, राजा नाही. सण, लग्नं, युद्ध, सगळं त्या पंचांगावर चालेल. लेखकाने दोन चंद्र फक्त चांदण्यासाठी ठेवलेत.

आयर्विनचा_कठडा

सर, शालीचं वाचून अंगावर काटा आला.

निशाचर_वाचक

मी इस्लामपूरला कॉलेजला आहे. काका, सर, तुमचं सगळं वाचलं, पण मला कादंबरी आवडली. दोन रात्रींत संपवली. प्रकरणं लहान आहेत, प्रत्येकाच्या शेवटी पुढे काय असं होतं. माझ्या रूमवरच्या दोघांनी आयुष्यात पहिल्यांदा मराठी कादंबरी पूर्ण वाचली ती ही. आपल्याकडे असं लिहिणारे आहेतच किती? पहिल्याच पुस्तकाला इतकं सोललं तर तो माणूस दुसरं लिहील का?

आणि त्यात चांगलंही आहे. बंदराजवळच्या खांबावरच्या खुणा वाचणारी म्हातारी आठवते का? मला ती फार आवडली.

आयर्विनचा_कठडा

तुझं म्हणणं मनापासून पटतं, विशेषतः मित्रांनी पहिली मराठी कादंबरी वाचली ते. ते श्रेय लेखकाचंच. वेग त्याला जमलाय, आणि वेग जमणं सोपं नाही.

पण एक सांगू? जयंत नारळीकर आपल्या शेजारच्या कोल्हापूरचे. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला त्यांनी कथा पाठवली ती स्वतःच्या नावाने नाही, 'नारायण विनायक जगताप' या नावाने. आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून घेतलेलं नाव. तोवर जगभर नाव झालेला शास्त्रज्ञ, पण कथा कथा म्हणून तपासली जावी एवढीच इच्छा. बक्षीस मिळालं ते कथेला मिळालं. मराठी विज्ञानकथेला ही परंपरा आहे. पुस्तक नीट तपासणं हा मी लेखकाचा मान समजतो. 'मराठीत आहे ना, मग चांगलं म्हणा' असं म्हटलं तर आपण त्याला लहान मूल ठरवतो.

म्हातारी पुसट आठवते. पान सांगशील?

तरबेची_तार

माझं माहेर मिरजेतलं, सतारमेकरांच्या गल्लीतलं. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात तिथे वाद्यं करायला सुरुवात केली. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. मी लहानपणापासून भोपळे वाळताना बघितलेत. म्हणून सुरांवर तळं उभं आहे हे वाचून मी हावरटासारखी ही कादंबरी घेतली होती.

आत एक 'प्राचीन वाद्य' आहे. सातही स्वरधर त्याच्यावर सूर लावून घेतात. ते कशाचं केलंय? लाकडाचं की धातूचं? किती तारा? कोण करतं ते, कोण दुरुस्त करतं? काही नाही. 'दिव्य नाद घुमला' एवढंच सतरा वेळा.

आमच्याकडे भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येतो. तो नीट वाळल्याशिवाय हात लावत नाहीत. लाकूड तुणीचं. आणि सगळं झाल्यावर खरं काम म्हणजे जवारी काढणं. घोडीचा माथा कानसेने इतका हलका घासायचा की तार त्याला जाता जाता स्पर्श करेल. केसभर जास्त गेलं तर आवाज बसतो. तंबोऱ्याला तर तारेखाली सुताचा धागा सरकवून जागा शोधावी लागते. माझे वडील जवारी काढताना घरात कुकर लावू देत नसत.

आता विचार करा. पावसाळ्यात दमट हवेने लाकूड फुगतं, तारा उतरतात, लावलेलं वाद्य तासाभरात बदलतं. आणि या शहरावर तर कायम पाण्याचं छत आहे! तिथल्यासारखी दमट हवा कुठे असेल? म्हणजे वाद्य सतत उतरणार, सूर सतत ढळणार, आणि तो सावरायला कोणीतरी कारागीर रात्रंदिवस उशाशी बसलेला असणार. सातांच्या मागे सत्तर माणसं असणार. लेखकाला ती दिसलीच नाहीत.

शिवाय गळा. गाणाऱ्या माणसाचं अर्धं आयुष्य गळ्याच्या काळजीत जातं. थंड पिऊ नको, तेलकट नको, जागरण नको. अब्दुल करीम खाँसाहेबांनी मिरजेत मुक्काम केला, त्यांच्या आठवणीत मीरासाहेबांच्या दर्ग्यात अजून गाणं होतं. तिथे पहाटेपर्यंत बसलेली माणसं कलाकाराने एकदा घसा खाकरला तरी मान वर करतात. आणि इथे 1 कोटी टन पाणी ज्यांच्या गळ्यावर आहे, त्यांच्यापैकी चारशे पानांत कोणी एकदाही खोकत नाही.

पेववाले

तरबेची_तार ताई, खोकल्याचं एकदम पटलं.

मी हरिपूरचा. कादंबरी वाचली नाही, नातवानं गोष्ट सांगितली. आमच्याकडं हळदीची पेवं होती. जमिनीत खोल खड्डा, तोंड अरुंद, पोट मोठं. हळद भरून तोंड मातीनं बंद करायचं, कीड लागत नाही. पण पेव उघडलं की लगेच कोणी आत उतरत नाही. आधी तोंड मोकळं ठेवायचं, मग कंदील खाली सोडायचा. विझला तर आत हवा नाही, माणूस जाईल. ही गोष्ट मला कोणी शिकवली नाही, बघून बघून कळली. 2005 च्या पुरात पाणी आत शिरलं आणि बहुतेक पेवं गेली.

सांगायचं काय, धोका असला की माणूस त्याच्याभोवती एक रीत करतो. कंदील सोडण्यासारखी. तुमच्या त्या शहरात तशी एक रीत तरी दाखवली का?

आयर्विनचा_कठडा

नाही नाना, एकही नाही. मी दोन पानं भरून जे सांगू बघत होतो ते तुम्ही एका कंदिलात सांगितलंत.

जतचा_माळ

माझा मुद्दा खलनायकाबद्दल आहे आणि थोडा रागाने लिहितोय, समजून घ्या.

मी जत तालुक्यातला. एकाच जिल्ह्यात सांगली, पलूस, वाळवा पुरात असतात तेव्हा आमच्याकडे टँकरची वाट बघितलेली माणसं आहेत. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ. म्हैसाळ उपसा योजनेचं पाणी, टेंभू योजनेचं पाणी, यावर आमच्या दोन पिढ्यांचं राजकारण गेलं. पुराचं वाहून जाणारं पाणी इकडे वळवा, ही मागणी आम्ही दर पुरात करतो.

या कादंबरीतला खलनायक वाळवंटातून येतो. शहरावर गोड्या पाण्याचं तळं, आणि त्याच्या सावलीबाहेर कोरडा माळ. अरे, केवढी मोठी गोष्ट लेखकाच्या हातात होती! त्या माणसाच्या आईने घागरीसाठी किती मैल चाललं असेल? त्याच्या गावातून ते तळं क्षितिजावर चमकताना दिसत असेल ना, रोज, लहानपणापासून? त्याने यायला हवं होतं ते पाणी मागायला. मग नायक कोण आणि खलनायक कोण हेच वाचकाला ठरवता आलं नसतं. लेखकाने त्याला काळा झगा दिला, घोगरा आवाज दिला आणि सिंहासन मागायला लावलं. वाळवंटातून येऊन हा माणूस एकदाही पाणी पीत नाही. मी मुद्दाम परत चाळून बघितलं.

आणि भाषा. राणी, पहारेकरी, नावाडी, वाळवंटातला सरदार, सगळे एकच पुस्तकी मराठी बोलतात. आमच्या एका जिल्ह्यात जतचा माणूस कानडी हेल काढून बोलतो, शिराळ्याचा वेगळा, तासगावचा वेगळा. तोंड उघडलं की गाव कळतं. अख्ख्या ग्रहावर एकच बोली?

निशाचर_वाचक

जतचा_माळ दादा, हे मला सुचलंच नव्हतं. आता ते प्रकरण आठवलं की तो मला एकटा वाटतोय, दुष्ट वाटत नाही. पण ते लेखकाने लिहिलेलं नाही, तुम्ही लिहिलंय.

कोयनाकाठ

पाटणहून. 11 डिसेंबर 1967 चा भूकंप झाला तेव्हा माझी आजी तरणी होती. पहाटेची वेळ, साखरझोपेत गाव हललं. धरणात पाणी साठवायला सुरुवात 1962 ची. साठलेल्या पाण्याचा भार आणि खडकात मुरणारं पाणी यांचा या भूकंपांशी संबंध आहे, हे शास्त्रज्ञांनी पुढे मांडलं. आता कराडला संशोधन केंद्र आहे, आमच्या भागात 3 किलोमीटर खोल छिद्र पाडून अभ्यास झाला. आजीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिने एवढंच केलं, की मरेपर्यंत पितळेच्या तांब्यावर फुलपात्र उपडं ठेवून उशाशी घेऊन झोपली. खडखडलं की जाग येते म्हणून.

मला त्या शहरात अशी एक आजी हवी होती. बाकी विज्ञान चुकलं तरी मी माफ केलं असतं.

भरती_ओहोटी

मी नसतं केलं :) पण फुलपात्राबद्दल मनापासून धन्यवाद. हे मी वर्गात सांगणार आहे.

निशाचर_वाचक

काका, पान सापडलं. 63 आणि 64. नायक बंदरावर पळत असतो आणि धापा टाकत एका खांबाला टेकतो. तिथे ती बसलेली असते. तळ्यातून खाली थेंब पडतात ते ती मडक्यात झेलते आणि मडकं किती वेळात भरलं ते खांबावर रेघ मारून ठेवते. खांब रेघांनी भरलेला आहे. ती नायकाला म्हणते की माझ्या आईच्या वेळी मडकं भरायला दिवस लागायचा, आता दुपारपर्यंत भरतं. तो 'असं होय' म्हणतो आणि पुढे पळतो. परत ती येत नाही.

मी पहिल्यांदा वाचताना नुसती छान वाटली होती. आज हा धागा वाचून परत ती दोन पानं वाचली आणि झोप लागली नाही. तिला सगळं आधीपासून माहीत होतं. कोणी तिला विचारलंच नाही.

तरबेची_तार

म्हणजे गळती वाढत होती. म्हणजे स्वरधर थकत होते, एक मरायच्या कितीतरी आधीपासून. कादंबरी इथेच होती की! दोन पानांत. थेंबांचा हिशोब ठेवणारी म्हातारी, आणि सूर उतरतोय हे ओळखणारा कोणीतरी कारागीर. या दोघांची एकदा गाठ पडायला हवी होती.

जतचा_माळ

आणि वाळवंटातून आलेला माणूस. तो त्या मडक्याकडे बघत उभा.

पेववाले

आमच्या घराच्या भिंतीला 2005 ची रेघ आहे. माझ्या खांद्याला लागते. 2019 ची तिच्या वर, हात उंच केला तरी पुरत नाही. मुलगा रंग द्यायला निघाला तेव्हा मी तेवढी पट्टी सोडायला लावली. त्या म्हातारीला मी ओळखतो.

आयर्विनचा_कठडा

धागा सुरू केला तेव्हा मला नुसती तक्रार करायची होती. आज दुपारी ती दोन पानं परत वाचली. तिथे भाषासुद्धा वेगळी आहे. वाक्यं आखूड, विशेषण एकही नाही, आणि म्हातारी 'भरतंय' म्हणते, 'भरते आहे' म्हणत नाही. हा माणूस लिहू शकतो. त्याने कुठेतरी खरी म्हातारी बघितली आहे. बाकीच्या चारशे दहा पानांत मोठं काहीतरी लिहायच्या घाईत तो तिला विसरला.

दुसरा भाग येणार असं पुस्तकाच्या शेवटी छापलंय. म्हणून प्रकाशकांच्या पत्त्यावर लेखकाला पत्र लिहिलं, हाताने, चार पानी. निळ्या उजेडाचं सरांच्या शब्दांत लिहिलं, जवारीचं ताईंच्या, पाण्याचं जतच्या दादांच्या. हे इथून उतरवून घेतलं, चालेल असं धरलंय. इस्लामपुरातल्या तिघांनी दोन रात्रींत कादंबरी संपवली हे पहिल्याच ओळीत लिहिलं, कारण ते त्याला आधी कळायला हवं.

शेवटी एकच गोष्ट विचारली. पूर्ण कादंबरीत त्या म्हातारीला नाव नाही. तिचं नाव काय, तेवढं कळवा म्हटलंय.